फायरवॉलच्या आडचे सर्व्हर आणि त्यांच्यातील संपर्काची निगा



प्रस्तुत अहवालातील जमाखर्चाच्या पत्रकात 'संगणक व नेटवर्क देखभाल' या शीर्षाखाली दरवर्षी एक रक्कम दाखविलेली असते. नवे सोनोग्राफी यंत्र, डायलिसिसची खाट किंवा रुग्णवाहिका यांवर झालेला खर्च डोळ्यांना दिसतो. या शीर्षाखालील खर्चाचे मात्र दाखविण्यासारखे काहीच नसते. यंत्रणा सुरळीत चालत असेल तर ती अस्तित्वात आहे हेही कोणाच्या ध्यानी येत नाही. "सीटी स्कॅन होऊन अर्धा तास झाला, तरी चित्रे वरच्या मजल्यावर का दिसत नाहीत?" हा प्रश्न नातेवाईक काकुळतीने विचारतात; आणि "फायरवॉल म्हणजे नेमके काय, व तिच्यावर दरवर्षी खर्च कशासाठी?" असे देणगीदार आस्थेने विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांचे उत्तर बहुतांशी एकच आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, अभियंता नव्हे. त्यामुळे येथे जे मांडले आहे ते व्यवस्थापनाच्या अंगाने, आवक-जावक आणि ताळमेळ यांच्या भाषेत मांडले आहे.

चित्राचा प्रवास

पूर्वी क्ष-किरण चित्राची फिल्म ओली असतानाच वॉर्डातील मामा ती हातात धरून शस्त्रक्रियागृहाकडे धाव घेत. आज ते काम सर्व्हर करतात. सीटी स्कॅनचा एक छेद म्हणजे सर्वसाधारणपणे उभे ५१२ व आडवे ५१२ बिंदूंचे चित्र. त्याचा आकार सुमारे अर्धा मेगाबाइट भरतो. एका रुग्णाच्या तपासणीत असे सहाशे छेद असतील तर तीनशे मेगाबाइट माहिती तयार होते. ती यंत्रावरून प्रथम संग्रह सर्व्हरकडे जाते. तेथून वितरण सर्व्हर ती अतिदक्षता विभाग, बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रियागृह आणि रात्रीच्या वेळी घरून अहवाल देणारे क्ष-किरण तज्ज्ञ यांच्याकडे पोहोचवितो.

निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी यासाठी अमेरिकेतील क्ष-किरण तज्ज्ञांची संस्था आणि विद्युत उपकरणे बनविणाऱ्यांची संघटना यांनी १९८५ साली एक समान संकेत प्रसिद्ध केला. १९९३ पासून तो 'डायकॉम' या नावाने ओळखला जातो. रक्त-लघवीचे अहवाल, दाखल्याची नोंद, बिलाची माहिती यांच्या देवाणघेवाणीसाठी 'एचएल सेव्हन' हा दुसरा संकेत आहे. तो तयार करणारी संस्था १९८७ साली स्थापन झाली. आपल्या रुग्णालयातील सर्व्हर एकमेकांशी प्रामुख्याने याच दोन भाषांत बोलतात.

या प्रवासात वेळेचे मोल किती आहे, हे पक्षाघाताच्या रुग्णावरून कळते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची सीटी स्कॅनवरून खात्री पटल्यावाचून ते देता येत नाही. खेड्यावरून निघालेल्या रुग्णाचे त्यांतील तीन तास कित्येकदा रस्त्यातच संपलेले असतात. उरलेल्या वेळेतील वीस मिनिटे चित्र अडकल्यामुळे जाणे, ही केवळ संगणकाची अडचण राहत नाही.

पहारा कशासाठी?

मग या सर्व्हरच्या मध्ये अडथळा ठेवायचाच कशाला, असे कोणी विचारील. फायरवॉल हा आपल्या प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्यासारखा आहे. कोण कोठून आले, कोणत्या खोलीत जायचे आहे आणि पास आहे किंवा नाही, हे पाहून तो आत सोडतो. तो केवळ बाहेरच्या दाराशीच असतो असे नाही. क्ष-किरण विभाग, प्रयोगशाळा, लेखा विभाग आणि अभ्यागतांसाठीचे वाय-फाय यांच्या मध्येही तो उभा केलेला असतो.

त्याची गरज दोन घटनांनी अधोरेखित केली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे संगणक कुलूपबंद केले. हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यावरील दुरुस्ती संगणक कंपनीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध करून दिली होती. इंटरनेटच्या बाजूची फायरवॉल नीट सांभाळली असती, तर दुरुस्ती न केलेल्या संस्थाही वाचल्या असत्या, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदविला. लेखापरीक्षकांनी काढलेला हा निष्कर्ष आम्हा हिशेबनीसांना विशेष जवळचा वाटतो. दुसरी घटना आपल्या देशातील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर अशाच हल्ल्यात ठप्प झाले आणि सुमारे दोन आठवडे तेथील कामकाज कागदावर चालवावे लागले. नेटवर्कचे विभाग योग्य प्रकारे वेगळे केलेले नव्हते, असे कारण केंद्र सरकारने संसदेत सांगितले. आतल्या भिंती नसल्या की एका खोलीतील आग सबंध इमारतीत पसरते, तसाच हा प्रकार होय.

पत्ता, खोली आणि नाव

एका सर्व्हरला दुसऱ्याशी बोलण्यासाठी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली आयपी पत्ता, म्हणजे इमारत. दुसरी पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या इमारतीतील खोली. डायकॉमसाठी १०४ व ११११२ हे पोर्ट नोंदविलेले आहेत, तर एचएल सेव्हनसाठी २५७५. तिसरी गोष्ट डायकॉमपुरती आहे: प्रत्येक यंत्राला सोळा अक्षरांपर्यंतचे एक नाव दिलेले असते आणि समोरच्या सर्व्हरच्या यादीत ते नाव तंतोतंत असावे लागते. रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षराचा फरक पडला तरी ते नाव परके ठरते.

संभाषणाची सुरुवात तीन पावलांनी होते. पहिला विचारतो, "बोलू का?" दुसरा म्हणतो, "बोला, ऐकतो आहे." पहिला म्हणतो, "कळले, सुरू करतो." ही तीन पावले पूर्ण झाल्याशिवाय चित्राचा एक बिंदूही पुढे सरकत नाही. बिघाडाचा अर्धा शोध या तीन पावलांपैकी नेमके कोणते अडले, हे पाहण्यातच असतो.

शोधाचा क्रम

बिघाड शोधताना अंदाजाने चार ठिकाणी हात घातला तर मूळ दोष राहतो बाजूला आणि नवे दोष तयार होतात. म्हणून आपल्या संगणक विभागाने खालून वर जाणारा क्रम ठरवून घेतला आहे.

१. प्रथम वायर, स्विच आणि त्यांवरील दिवे पाहिले जातात. साफसफाईच्या वेळी निसटलेली वायर हे कारण जितके साधे, तितकेच वारंवार आढळणारे आहे.

२. नंतर 'पिंग' करून समोरचे यंत्र हाकेला ओ देते का, हे पाहतात. येथे सावधगिरी हवी. अनेक फायरवॉल पिंग मुद्दाम अडवितात. त्यामुळे उत्तर आले नाही म्हणजे सर्व्हर बंदच आहे, असे नव्हे. उलटपक्षी, पिंगला उत्तर आले म्हणजे हवी ती खोली उघडी आहे, असेही नव्हे.

३. तिसरी चाचणी सर्वांत बोलकी. विशिष्ट पोर्टवर दार ठोठावून पाहायचे. याचे तीन परिणाम संभवतात. दार उघडले, तर तेथवरचा मार्ग निर्वेध आहे. तत्काळ नकार आला, तर हाक बहुधा इमारतीपर्यंत पोहोचली आहे, पण त्या खोलीत कोणी बसलेले नाही. म्हणजे सर्व्हरवरील सेवा बंद पडली असावी. काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर वाटेत कोणीतरी निरोप मुकाट्याने टाकून देत आहे किंवा परतीचा रस्ता चुकला आहे; तेव्हा संशय फायरवॉलवर किंवा मार्गावर जातो. "नकार" आणि "मौन" यांतील हा भेद ज्याला कळला, त्याचे तासन्‌तास वाचतात.

४. त्यानंतर खुद्द सर्व्हरवर जाऊन सेवा चालू आहे का, ती बाहेरच्यांचे ऐकते की फक्त स्वतःचेच, आणि सर्व्हरची स्वतःची अंगची फायरवॉल आड येते का, हे तपासले जाते.

५. मग डायकॉमची 'एको' चाचणी. हिच्यात चित्र न पाठविता फक्त नाव व भाषा जुळते का, हे पाहतात. दार उघडले पण नाव यादीत नाही म्हणून परत पाठविले, तर तो दोष यादीचा आहे. फायरवॉलला हात लावण्याचे कारण नाही.

६. एवढ्याने भागले नाही, तर फायरवॉलची नोंदवही आणि दोन्ही टोकांवर टिपलेली देवाणघेवाण शेजारी ठेवून वाचतात. एका टोकाकडून निघालेले पाकीट दुसऱ्या टोकाला पोहोचलेच नसेल तर ते वाटेत गहाळ झाले. पोहोचूनही उत्तर निघाले नसेल तर दोष समोरच्याचा. आवक आणि जावक वह्या पडताळण्याचाच हा प्रकार आहे.

ही पडताळणी घड्याळे जुळलेली असतील तरच शक्य होते. दोन सर्व्हरच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक असेल, तर कोणती जावक नोंद कोणत्या आवक नोंदीची, हे ठरविता येत नाही. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत घड्याळे अधिकृत वेळेशी जुळविणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक केले आहे. त्यामुळे ही शिस्त आता केवळ सोयीची राहिलेली नाही.

अवघड जाणारे बिघाड

साधे बिघाड वरील क्रमाने सुटतात. काही मात्र चकवा देतात. त्यांपैकी तिघांचा उल्लेख येथे करतो, कारण अशा प्रसंगीच नातेवाइकांना ताटकळावे लागते.

पहिला प्रकार असा. वितरण सर्व्हर नव्या जागी हलविल्यानंतर बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांना रुग्णांची यादी दिसू लागली, 'एको' चाचणीही उत्तीर्ण झाली, पण चित्र मागितले की पडदा कोराच राही. पुरवठादाराचे तंत्रज्ञ सर्व्हर ठीक असल्याचे सांगत. आणि ते खरेही होते. कारण डायकॉमच्या रीतीत दडलेले होते. चित्र मागण्याच्या प्रचलित पद्धतीत संग्रह सर्व्हर चित्रे त्याच संभाषणात परत देत नाही. तो आपल्या यादीत मागणाऱ्याचा पत्ता शोधतो आणि स्वतः होऊन त्याच्याकडे नवे संभाषण सुरू करतो. पहारेकऱ्याला "येथून तेथे जाणाऱ्यास सोडावे" एवढेच सांगितलेले असेल, तर उलट दिशेने येणारा हा नवा पाहुणा त्याला अनोळखी वाटतो आणि तो त्यास अडवितो. प्रश्न पोहोचतो, उत्तर मात्र वेशीवरच थांबते. उपाय दोन गोष्टींचा: संग्रह सर्व्हरच्या यादीतील पत्ता अद्ययावत करणे, आणि त्या एकाच सर्व्हरकडून त्या एकाच पोर्टकडे परतीची परवानगी लिहिणे. तेवढे होताच चित्रे दिसू लागली.

दुसरा प्रकार पहाटेचा. प्रयोगशाळेचा सर्व्हर आणि रुग्णनोंदीचा सर्व्हर यांच्यातील एचएल सेव्हनचे संभाषण एकदा जुळले की ते तासन्‌तास उघडेच ठेवतात. फायरवॉल चालू संभाषणांची यादी स्मरणात ठेवते. परंतु बराच वेळ कोणी बोलले नाही, तर ती ओळ खोडून टाकते. पुष्कळ ठिकाणी ही मुदत एक तासाची असते. दोन्ही सर्व्हरना मात्र संभाषण चालूच आहे असे वाटत राहते. रात्रीच्या शांततेनंतर पहिला अहवाल निघतो आणि फायरवॉल म्हणते, "हे कोण? यांची नोंद नाही." तो अहवाल अडकतो, आणि दिवसा तपासावे तर सारे सुरळीत. सर्व्हर मध्येच "आहात ना?" असे विचारू शकतात, पण लिनक्सवर ही विचारणा मूळच्या मांडणीप्रमाणे दोन तासांनी होते, तीसुद्धा संबंधित सेवेने मागितली असेल तरच. तासाभराने विसरणाऱ्या पहारेकऱ्यापुढे दोन तासांनी खाकरणारा पाहुणा काय कामाचा? विचारणेचे अंतर फायरवॉलच्या मुदतीहून बरेच कमी ठेवले की हा बिघाड नाहीसा होतो. मुदतच काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. तसे केल्यास मेलेल्या संभाषणांचा ढीग साचतो.

तिसरा प्रकार घरून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञांच्या संदर्भातील. त्यांच्याशी असलेला संपर्क इंटरनेटवरून, पण सांकेतिक वेष्टणात गुंडाळून होतो. एरवी एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. वेष्टण घातले की आतील मजकुरासाठी जागा कमी उरते. पाकीट मोठे झाले, तर वाटेतील यंत्र "लहान करून पाठवा" असा निरोप उलट धाडते. एखाद्या फायरवॉलने तो निरोप पिंगसारखाच समजून अडविला, तर पाठविणाऱ्यास काहीच कळत नाही आणि तो तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवीत बसतो. लक्षण ठरलेले: छोटी चाचणी उत्तीर्ण, रुग्णाचे नाव पोहोचते आणि चित्र अर्ध्यावर थिजते. तो निरोप तेवढा सोडणे, किंवा पाकिटाचा आकार आधीच लहान ठरवून देणे, हा त्यावरील इलाज.

"थोडा वेळ फायरवॉल बंद करा"

अडचणीच्या वेळी ही सूचना हटकून येते, आणि ती करणाऱ्यांचा हेतू रुग्णाच्या हिताचाच असतो. तरीही रुग्णालयाचे धोरण याबाबत निश्चित आहे. फायरवॉल बंद केल्याने बिघाड क्षणभर नाहीसा झाला, तरी कोणत्या नियमामुळे तो होता, हे कळत नाही. आणि "थोडा वेळ" दिलेली मोकळीक काढून घेण्याची आठवण पुढे कोणास राहत नाही. कोणत्याही खर्चास जसे व्हाउचर लागते, तसेच प्रत्येक नव्या परवानगीस लागते: कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या पोर्टवर, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या सहीने आणि कोणत्या तारखेपर्यंत. दर तिमाहीस ही यादी वाचली जाते आणि ज्या परवानगीचे कारण उरलेले नाही, ती रद्द होते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शिस्तीच्या नावाखाली रुग्ण ताटकळता कामा नये. म्हणून बिघाडाचा शोध आणि रुग्णाचे उपचार हे दोन मार्ग वेगळे ठेवले आहेत. चित्र ठरलेल्या वेळेत पोहोचले नाही, तर डॉक्टर थेट सीटी यंत्राशेजारील पडद्यावर ते पाहतात. रुग्ण अन्यत्र न्यायचा असल्यास चित्रे सीडीवर दिली जातात आणि तातडीचा निष्कर्ष क्ष-किरण तज्ज्ञ दूरध्वनीवर सांगून मागाहून लेखी देतात. शोध कितीही लांबला, तरी इंजेक्शनचा निर्णय त्यावर अडून राहत नाही.

रोजचा ताळमेळ

बँकेच्या पासबुकाशी रोकड वही जुळविल्याशिवाय आम्ही दिवस बंद करीत नाही. तोच न्याय येथे लावला आहे. यंत्रावरून किती चित्रे निघाली आणि संग्रहात किती जमा झाली, याचा मेळ दररोज घेतला जातो. सहाशे निघून पाचशे अठ्ठ्याण्णव पोहोचली असतील, तर उरलेल्या दोहोंत काय होते, हे कोण सांगणार? डायकॉममध्ये यासाठी पोचपावतीची सोय आहे: "ही चित्रे मी सांभाळण्यासाठी स्वीकारली" असे संग्रह सर्व्हर कळवितो, आणि तसे कळेपर्यंत यंत्रावरील मूळ प्रत पुसायची नाही, असा दंडक ठेवता येतो. ही पावतीही पुष्कळदा उलट दिशेच्या नव्या संभाषणातून येते; त्यामुळे परतीची वाट बंद असेल तर चित्रे सुखरूप असूनही पावती मिळत नाही आणि यंत्राची साठवण भरत जाते. नवा सर्व्हर बसविताना परतीच्या दोन्ही वाटा तपासल्याखेरीज काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही, असे म्हणूनच ठरविले आहे.

आपणांस विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांनी बाहेरून आणलेल्या सीडी किंवा पेनड्राइव्ह वॉर्डातील संगणकात घालण्याचा आग्रह धरू नये. त्या क्ष-किरण विभागाच्या नोंदणी खिडकीवर द्याव्यात. तेथे त्या तपासून संग्रहात घेतल्या जातात. चित्र वेळेत दिसत नसेल, तर "संगणक बंद आहे" या उत्तरावर न थांबता कर्तव्यावरील सिस्टरांना पर्यायी व्यवस्थेबद्दल अवश्य विचारावे. तो आपला अधिकार आहे.

देणगीदारांस एवढेच निवेदन की या कामावर कोणाच्या नावाची कोनशिला बसत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. सुटे स्विच, फायरवॉलचे वार्षिक नूतनीकरण, नोंदी साठविण्याची जागा आणि रात्रपाळीस एक जाणता तंत्रज्ञ, असा हा किरकोळ भासणारा खर्च आहे. परंतु आपण दिलेल्या सीटी स्कॅन यंत्राचे चित्र योग्य डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे योग्य क्षणी पोहोचते आणि अयोग्य माणसाच्या हाती पडत नाही, ते याच खर्चामुळे. यंत्रासाठी हात सैल सोडणाऱ्या आपल्या दातृत्वाने या वाटांच्या निगेलाही आपले मानावे, अशी नम्र विनंती करून हे निवेदन पुरे करतो.

आपला कृपाभिलाषी,
प्रशासकीय अधिकारी